सोड्याचं पाणी

अप्पा, तुमचं काम मी केलं. आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि बिघडवलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला बोल लावून काय मिळणार, असं लोक म्हणतील. म्हणू देत. दुसऱ्या कुणाला बोल लावायचा ते मला सापडत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

माझी मुलगी तुम्ही पाहिली नाही. आता ती कमावती आहे. भिंगारमधल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ती बिल्डर लोकांच्या न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करते. गॅलरीत कुंड्या, सोफ्यावर बसलेली माणसं, खिडकीतून ऊन, सगळं खऱ्यासारखं. त्या मशीनच्या पोटात प्रोसेसर म्हणून एक चौकोनी चकती असते, सगळी आकडेमोड तीच करते. कंपनीनं तिचा वेग ठरवून दिलेला असतो. आमच्या चकतीचा साडेतीन. मुलगी ती साडेचारवर पळवायची. मला आधी वाटलं ही काहीतरी चोरी आहे. "परवानगी लागती का गं याला?" म्हणाले. "परवानगी कसली? जळाला तर आमी जबाबदार न्हाई, एवढंच कंपनी म्हणती." "मग नको ना पळवू." "मग काम कधी सरायचं आई? पुण्यातली पोरं एका दिवसात देतात." तिचंही खरं होतं. पण पळवलं की ते तापतं, आणि आमचं छत पत्र्याचं. एप्रिलमध्ये त्या खोलीत माणूस टिकत नाही, मशीन काय टिकणार. म्हणून तिनं पाण्याची सोय केली. चकतीवर तांब्याचा ठोकळा, ठोकळ्यात केसासारख्या बारीक चिरा, त्यातून छोट्या पंपानं पाणी फिरतं, तापलेलं पाणी नळीनं जाळीत जातं, जाळीमागं पंखा. मी बघितलं आणि म्हणाले, "हे तर ट्रकचं रेडिएटर आहे." ती हसली. "तेच आहे. आणि तेच फुटलंय." तिची जाळी ॲल्युमिनियमची होती, तिला कथलाचा डाग बसत नाही, ती सांधता येत नाही. मी म्हणाले, थांब, मी तांब्याची करून देते.

कशाच्या जोरावर म्हणाले, अप्पा? तुमच्या टाकीच्या. चौथीतून मला काढलंत आणि तुमच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानातल्या सिमेंटच्या टाकीपाशी बसवलंत. मी बसलेय. तुम्ही रेडिएटरची एक बाजू रबरी बुचानं बंद करता, दुसरीकडून पंपानं हवा भरता, मी दोन्ही हातांनी ते पाण्याखाली दाबून धरते आणि बुडबुडा कुठून येतो ते सांगते. "डावीकडून तिसरी नळी, अप्पा." तुम्ही खडूनं खूण करता, ॲसिड लावता, कावीया तापवून कथलाचा डाग देता, आणि परत जाळी माझ्याकडं. हिवाळ्यात कोपरापर्यंत हात बधिर व्हायचे. ॲसिड उतरलेल्या त्या पाण्यानं बोटांना भेगा पडायच्या, भाकरीच्या पिठात मीठ असलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्यावर तुम्ही खोबरेल तेलाची बाटली आणून दिलीत. माझ्या एकटीसाठी तुम्ही आणलेली तेवढी एकच वस्तू मला आठवते. आणि एकदा तुम्ही तोंड धुवायला गेलात म्हणून मी कावीया हातात घेतला, तर ओल्या तोंडानं धावत आलात. "ठेव खाली. तोंडावर उडालं तर कोण बायको करंल तुला?" हाताचं काय व्हायचं ते होऊ दे, तोंड सांभाळायचं. खंडेनवमीला हत्यारं पुजली, मी दारात रांगोळी काढली, आणि पाटावरचा कावीया तुम्ही उचलून भावाच्या हातात दिलात. तो तेव्हा क्रिकेट खेळायला पळायच्या घाईत होता. तुमच्या माघारी वर्षाच्या आत त्यानं टाकीसकट दुकान विकलं. आता तो प्लॉटची एजंटगिरी करतो.

मी भंगारवाल्याकडं गेले. लष्कराच्या मोडीत काढलेल्या जीपमधली हीटरची जाळी मिळाली, तांब्या-पितळेची, वहीएवढी. तिची जाड तोंडं कापून पितळेच्या बारीक नळ्या बसवायच्या होत्या. गॅसची टॉर्च आणली, ॲसिडमध्ये जस्त विरवलं, वास आला तसा मनानं थेट तुमच्या दुकानातच गेले मी. पहिले दोन डाग निखळले, तिसरा बसला. मग बादलीत बुडवून हवा भरली. एक बुडबुडा नाही. मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. "आई, तू हे कधी शिकलीस?" मी म्हणाले, शिकले नाही, बघितलं. तेव्हा माझा आवाज जरा चढलाच होता, खोटं कशाला सांगू. तिनं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं, मशीन सुरू केलं, वेग चढवला. भर दुपारी पत्र्याखाली ते गार चाललं. शेजारणीला बोलावून मी जाळी दाखवली.

आठवडा धड झाला नाही. बिल्डरचं मोठं काम मशीनवर चढवलेलं, दुपारी द्यायचं, आणि सकाळी पडदा काळा झाला. परत लावलं, परत बंद. तिनं ठोकळा उघडला तर चिरांमध्ये हिरवा गाळ, शेवाळासारखा. पाणी फिरायचंच थांबलेलं. बिल्डर काही थांबला नाही, त्यानं काम पुण्याला दिलं. मुलगी ओरडली नाही. मी पुढं झाले तर एवढंच म्हणाली, "आई, तू आता हात नको लावू." तिला माहीत नाही हे वाक्य माझ्या किती ओळखीचं आहे.

मी भावाला फोन लावला. ऐकून तो हसला. "अगं ॲसिड आत राहिलं. सोड्याच्या कढत पाण्यानं दोन-तीनदा खळखळून काढावं लागतं. अप्पा दर जाळीला करायचे की. तू तर रोज तिथंच असायचीस."

रोज तिथंच होते. पण शेवटचा बुडबुडा थांबला की तुम्ही ड्रायव्हरला हाक मारायचात आणि मला म्हणायचात, "जा, चहा सांग." परक्या माणसापुढं पोरगी दिसायला नको. मी हॉटेलात चहा सांगून मागच्या दारानं घरात जायचे. तेवढ्यात तुम्ही जाळी धुवायचात. वर्षानुवर्षं, रोज, तेवढंच माझ्या डोळ्याआड. तुम्ही लपवलंत असंही नाही म्हणत मी. लपवलं असतंत तर निदान मी शिकेन अशी तुम्हाला भीती होती असं झालं असतं. तुमच्या मनातच आलं नाही की ही पोरगी कधी हे करील. ज्याला कधी नको होतं त्याला सगळं ठाऊक, आणि तो हसत सांगतो.

चार दिवसांनी मुलगीच म्हणाली, "धू तुझी जाळी." आम्ही ठोकळा सुईनं, दातांच्या ब्रशनं खरवडून साफ केला. मी सोडा उकळून जाळीतून इतक्यांदा काढला की पाणी पिण्यासारखं स्वच्छ आलं. नव्या नळ्या टाकल्या. महिना होऊन गेला, गाळ नाही, गळती नाही. मी विचारते, "कसं चाललंय?" ती म्हणते, "मस्त चाललंय." चांगली बोलते माझ्याशी, जेवायला वाढते.

मला इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात. काल ती अंघोळीला गेली असताना मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. साडेतीन. कंपनीनं सांगितलेलं, त्यावर एक काटाही नाही. रात्रंदिवस मशीन लावून ठेवते, डोळे चोळत बसते, पण वेग वाढवत नाही. अप्पा, तिच्या जागी मी असते तर माझ्या हातच्या डागावर मीही वाढवला नसता.