लो हाय

धायरी, पुणे
मंगळवार, दुपार (ललिता बाहेर गेली आहे)

साडूसाहेब सुदर्शनराव यांस,
भीमरावचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य केवळ पत्राची रीत म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचून झालं की परत इथे येऊन मला धरू नका.) शर्मिलाच्या गुडघ्याचं कसं आहे? नागपूरचं ऊन उतरलं का? नम्रता आणि बाळ सुखरूप असतीलच. बाळ अजून फारच लहान असेल, नाही का? म्हणजे नावावाचून तिचं सध्या काही अडत नसेल, असा माझा आपला अंदाज. सहज विचारलं, विशेष काही नाही.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन करावा तर ललिता स्पीकर लावायला सांगते, आणि फॅमिली ग्रुपवर लिहावं तर माझ्या मूर्खपणावर फुलं आणि हात जोडलेली चित्रं येतात. म्हणून स्पीड पोस्ट. पत्राचं कारण मी शेवटी सांगणार आहे, तोवर थोडा धीर धरा.

आमची लेक मैत्री अमेरिकेतली नोकरी सोडून आली आणि इथे कुठल्या कंपनीत न जाता सुतारकाम करणार म्हणाली, तेव्हा ललिताने आठवडाभर अबोला धरला होता. पोरीच्या बाजूने मी एकटा उभा राहिलो. ‘तिला कळतं, तिचं तिला करू द्या,’ असं मी तुमच्यासकट सगळ्यांना ऐकवत सुटलो होतो. तुमच्या नातीचा पाळणा हे तिचं पहिलं काम. तो नामकरणाच्या दिवशी नागपुरात पोचला तर ललिताचा विरोध मावळेल, आणि नाही पोचला तर ‘मी सांगत नव्हते?’ हे वाक्य आम्हा दोघांना जन्मभर पुरेल. पाळण्याचे गोल दांडे कातायला लेथ लागतो. तो तिने तिकडून सामानाबरोबर आणून आमच्या पार्किंगमध्ये ठेवला आहे आणि माझी स्कूटर तेव्हापासून उन्हात असते.

गेल्या आठवड्यात मैत्री तिच्या मैत्रिणीच्या, स्पृहाच्या, लग्नाला नाशिकला गेली. जाताना म्हणाली, आल्यावर लेथ सुरू करते, तोवर हात लावू नका. आता मी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालो हे धायरीत सगळ्यांना माहीत आहे. मी तिथे टाइम ऑफिसात बसून लोकांच्या हजेऱ्या लावत होतो, हे मात्र मी मुद्दाम कुणाला सांगत बसलेलो नाही. सोसायटीत मला ‘फॅक्टरीवाले काका’ म्हणतात, बिघडलेले मिक्सर आणून दाखवतात. मी मिक्सरला कान लावतो, डोळे मिटतो आणि ‘बेअरिंग’ असं म्हणतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही, कारण नंतर ते दुकानातच नेतात. पण असा मान मिळत राहिला की माणसाचा स्वतःवर विश्वास बसायला लागतो.

अमेरिकेतली वीज आपल्यापेक्षा वेगळ्या जोराची असते, तेव्हा तिकडची मोटार इकडे बदलून जोडावी लागते, एवढं मला ठाऊक होतं. (पेपरात वाचलं होतं.) म्हटलं, पोर येईपर्यंत आपण हे उरकून ठेवू, तिला आल्याबरोबर काम सुरू करता येईल. लेथच्या मोटारीचं झाकण उघडलं. आत पितळी पट्ट्या होत्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दोन आकृत्या, एकीवर ‘लो’, दुसरीवर ‘हाय’. शेजारी काही बारीक अक्षरं होती, पण चष्मा वर घरात होता आणि चष्म्याशेजारी ललिता होती. पट्ट्या ‘हाय’वर होत्या. मी विचार केला, अमेरिकेत सगळंच मोठं, तिकडे हायच असणार. आपल्याकडे काय आहे? उन्हाळ्यात दिवेलागणीला आमचा पंखा एकेक पातं मोजता येईल असा फिरतो. ‘लो व्होल्टेज’ हा शब्द धायरीत तान्ह्या पोरालाही येतो.

तरी खात्री करावी म्हणून कुंपणापलीकडे म्हशींना पाणी दाखवत असलेल्या शंभूला विचारलं. तो इथला मूळ गावकरी. मी म्हटलं, “शंभू, आपल्याकडे व्होल्टेज लो की हाय?”

“लो हाय,” तो म्हणाला.

आता गावचे लोक ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात हे इतकी वर्षं इथे राहून मला कळत नाही असं नाही. पण पेचात पडलेल्या माणसाला दोन्ही उत्तरं एकदम मिळाली की त्याने काय करावं? मी पुन्हा विचारलं, नक्की काय ते एकच सांग. तो जरा वैतागून म्हणाला, लो हाय म्हणलं ना काका, लोच हाय. दोनदा लो आलं, म्हणून मी पट्ट्या काढून लोवर लावल्या.

बटण दाबलं. मोटार फिरली. (या आनंदात मी एक पाऊल पुढे गेलो.) मग ती गुरगुरली, मग जळक्या वार्निशचा वास आला, मग धूर, आणि मग घराचा एमसीबी पडला. वरून ललिताने विचारलं, लाइट गेले का हो? मी म्हटलं, हो, गेले. यात खोटं काही नाही. वासाबद्दल विचारलं तेव्हा मात्र मी शंभूकडे कचरा जाळताहेत असं सांगितलं.

नंतर चष्मा आणून ती बारीक अक्षरं वाचली. लो म्हणजे एकशे पंधरा, हाय म्हणजे दोनशे तीस. हा लो धायरीचा नव्हताच, अमेरिकेचा होता. आपली लोतली लो वीजसुद्धा त्यांच्या दृष्टीने हाय. म्हणजे पट्ट्या आधी होत्या तिथेच बरोबर होत्या! तिकडच्या कारखान्यातून ती मोटार चुकून हायवर जोडून आलेली असणार. त्यांच्या चुकीने आपलं भलं होणार होतं आणि ती चूक मी दुरुस्त केली.

काल मोटार टॉवेलात गुंडाळून रिक्षाने बुधवार पेठेत नेली. घरी सांगितलं, पुस्तकं बघायला जातो. रिवाइंडिंगवाल्याने टॉवेल उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाला, भाजून आणायची गरज नव्हती, आम्ही कच्चीही घेतो. मी म्हटलं, जरा घाई आहे हो. तर म्हणाला, मोटारीला नाहीये. तांब्याची तार बदलायला त्याला पुढचा आठवडा उजाडेल. मी मान डोलावून निघालो आणि टॉवेल तिथेच विसरलो.

तुम्ही उभा जन्म वीज मंडळात काढलात, तुम्हाला एक फोन केला असता तर हे सगळं टळलं असतं. पण थोरल्या साडूने धाकट्या साडूला विचारायचं म्हणजे सासुरवाडीच्या पुढच्या प्रत्येक जेवणावळीत तो विषय निघणार. आता तो निघेलच. फक्त बरोबर धूरही असेल.

बाळाला गोड पापा. शर्मिलाला आशीर्वाद. तुम्ही जेवायला बसला असाल तर सावकाश होऊ द्या.

आपला,
भीमराव

ता. क. कारण सांगायचं राहिलंच. नामकरण आठ-दहा दिवस पुढे ढकलता येईल का? आणि ते तुमच्याकडूनच ढकललं गेलं असं होईल का? भंतेजींना त्या दिवशी सवड नाही असं ललिताला कळवलंत तर फार बरं होईल. खोटं बोलू नये असं शील आहे आणि मी ते रोज वंदनेत म्हणतो. म्हणूनच तुम्ही बोलावं असं सुचवतो आहे.

ता. ता. क. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात मैत्री आली. पार्किंगमध्ये पाऊल टाकताच तिने वास घेतला. मोटार जागेवर नव्हती, तेव्हा सांगावंच लागलं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “बाबा, तुम्ही उघडलंत तेव्हा पट्ट्या कुठे होत्या?”

मी म्हटलं, “हायवर.”

“त्या मी लावल्या होत्या. तिकडून निघायच्या आधी.”

सुदर्शनराव, मी शंभूला विचारलं, पेपरावर विसंबलो, अमेरिकेतल्या कारखान्याची चूक काढली. पण हे काम माझ्या पोरीने करून ठेवलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि ‘तिला कळतं’ म्हणून गावभर सांगणारा मीच. फार वाईट वाटलं हो.

नामकरण ठरल्या दिवशीच करा, बाळाला तोवर झोळीत निजवा. पाळणा मागून येईल. मैत्रीने बजावलं आहे की मावशीला उशिराचं कारण खरं लिहा, नाहीतर तिला वाटेल मला जमलं नाही. तेव्हा पत्र एक अक्षरही न खोडता पाठवतो आहे. ललिताला मी आज स्वतः सांगणार आहे. (कचऱ्याचंसुद्धा.)

हे लिहितोय तोच कुंपणापलीकडून शंभूने हाक मारली, काका, मशीन बिघडलं हाय का? मी तोंड उघडायच्या आत मैत्रीने उत्तर दिलं.

“मशीनचं होईल नीट, शंभूदादा. बाबा जरा लो हायेत.”