सोनचाफ्याच्या बाटल्या

प्रिय दादा,

आज सकाळी चर्चमध्ये स्नेहाचं लग्न लागलं. संध्याकाळी आपल्याच वाडीत रिसेप्शन आहे. मांडवात टेबलं मांडून झाली, वहिनी आत साडी बदलते आहे, आणि मी मागच्या ओट्यावर बसून तुला लिहिते आहे. मला एक गोष्ट कळली आहे आणि ती मी अजून वहिनीला सांगितलेली नाही. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी ती सांगावी का, हे दुसऱ्या कोणाला विचारू?

टेबलांवरची फुलं घरीच करायची, हा स्नेहाचा हट्ट. "पप्पा करायचे तशी, बाटलीतली," म्हणाली. परवा आम्ही दोघी बसलो. सगळं तुझ्या पद्धतीने. अर्धवट उमललेला सोनचाफा, स्वच्छ काचेची बाटली, विहिरीच्या पाण्याने भरलेलं घमेलं. पाण्याखालीच झाकण लावायचं, म्हणजे आत बुडबुडा राहत नाही आणि फूल कितीतरी दिवस टिकतं.

"आत्या, लोकांना वाटेल लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात."

"मग तिथं चमचे ठेवू नकोस," वहिनी आतून म्हणाली.

तू गेल्यापासून या घरात मी पहिल्यांदाच हसणं ऐकलं.

शेवटच्या बाटलीला पाणी पुरलं नाही आणि लाइट गेल्यामुळे पंप बंद होता. मग मी माझ्या पिशवीतल्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं. फुलपाड्याहून, माझ्या घरून आणलेलं.

काल सकाळी पाहिलं तर पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या, पाणी कोऱ्या चहासारखं. एकच बाटली सोनेरी होती. ती, शेवटची.

तुला माहीत आहे, माझा स्वतःवर चटकन विश्वास बसत नाही. बाटल्या नीट धुतल्या नसतील, फुलं उन्हात राहिली असतील, असं सगळं मनात येऊन गेलं. म्हणून मी पुन्हा करून पाहिलं. एकाच झाडाची फुलं, सारख्या दोन बाटल्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत माझ्याकडचं उरलेलं. आज चर्चहून आल्यावर पाहिलं, पुन्हा तेच. मग विहिरीचं पाणी जिभेवर धरलं. खारट होतं, दादा. फार नाही. पण खारट.

आता सगळ्याचाच अर्थ लागतो आहे. डाळ शिजत नाही म्हणून वहिनी दुकानदाराला बोल लावते. साबणाला फेस येत नाही. चाफ्याच्या पानांच्या कडा करपल्या आहेत, आणि मी त्याला उन्हाळा समजत होते. शेजारच्या वाडीत दिवसभर मोटर चालू असते, एक टँकर भरून निघाला की दुसरा येतो. तू आपल्या विहिरीला कधी टँकर लागू दिला नाहीस. वहिनीनेही नाही. पण जमिनीखाली कुठे कुंपण असतं? गोडं पाणी उपसलं जातं आहे तसं खाडीचं आत येतं आहे. या वर्षी फुलं, मग केळी, मग काय?

आणि आमच्या बिल्डिंगला टँकरच लागतो. माझ्या पिशवीतलं ते गोडं पाणी कुठल्या विहिरीचं होतं?

वहिनीने विचारलं, "ग्रेसी, बाटल्या कुठं गेल्या?" झाकणं गंजकी होती, म्हणून सांगितलं. टेबलांवर आता केळीच्या पानांवर तगर आणि अबोली आहे. तिला तेही आवडलं. म्हणाली, "पाऊस पडू दे, चाफ्याची नवी कलमं लावू. पोरगी गेली तरी वाडी आहे ना. ह्यांना शब्द दिलाय मी."

तो शब्द तू तिच्याकडून का घेतलास, दादा? हॉस्पिटलच्या खाटेवरून, तिचा हात धरून, "यातला एक गुंठाही विकायचा नाही." ती दुसरं काय बोलणार होती? तेव्हा तुझ्या शेजारी उभी असताना मला तुझा अभिमान वाटला होता. आज भीती वाटते. उद्यापासून ती या घरात एकटी असेल. झाडं एकेक करून वाळत जातील, आणि ती तुझ्या शब्दासाठी ते पाणी ओढत राहील, पीत राहील.

मांडवात बँडवाले आलेत. शेजारची मोटर अजून थांबलेली नाही.

आज मी काही बोलणार नाही. तिची ही एक संध्याकाळ तिला मिळू दे. उद्या स्नेहा सासरी गेली की वहिनीला विहिरीपाशी नेईन आणि पाणी चाखायला लावीन. मग ती झगडायचं म्हणाली तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. विकायचं म्हणाली तरीही. तुझा शब्द मी तिच्या आड येऊ देणार नाही, तुझी आण घालणार नाही. तू रागावलास तरी, दादा.

तुझी धाकटी,
ग्रेसी