एक दाबा

६ फेब्रुवारी २००६, सोमवार
नोकरी लागली. अंबरनाथ एमआयडीसीतली केमिकल कंपनी, कॉम्प्युटर असिस्टंट, टेबल खिडकीजवळ. आईने कॅम्प चारमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये दोन्ही मजल्यांवर पेढे वाटले, ही डायरीसुद्धा तिनेच दिली, पहिल्या पानावर माझं नाव घालून: यशोधरा. सकाळी शेअर रिक्षात दोन ऑपरेटरांच्या मध्ये चेपून आले, तरी मूड मस्त होता.

चौदा मशीन आहेत. सगळ्यांवर नवीन ऑफिस सॉफ्टवेअर टाकायचंय. आधीचा माणूस म्हणे सीडी घेऊन टेबलाटेबलावर फिरायचा, महिना काढायचा. मला एवढा पेशन्स नाही. मी स्क्रिप्ट लिहिणार: माझ्या मशीनवर एकदा एंटर मारलं की बाकीची मशीन नेटवर्कवरून सॉफ्टवेअर आपलं आपण ओढून घेतील. आमचे अॅडमिन मॅनेजर जयदेव साहेब यावर म्हणाले, मुलीला झेपेल का हे. डोकं फिरलं, पण पहिला दिवस म्हणून गप्प बसले.

८ फेब्रुवारी, बुधवार
झेपलं. एका दुपारीत चौदाच्या चौदा. अकाउंट्सच्या मालिनी मॅडम स्वतःचा चहा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी पण जरा भाव खाल्ला.

गेटचं मशीन साहेबांनी सगळ्यात आधी घ्यायला लावलं, आतलं सगळं उडवून. मी तिथे बसले तर वॉचमन आण्णा हात जोडून उभे. म्हणाले, ताई, जरा थांबा, यात डिसेंबरच्या कंत्राटी माणसांची एन्ट्री आहे, एका बाईला कागद काढून द्यायचाय. मी म्हटलं, आण्णा, अजून तेरा मशीन बाकी आहेत, टाइम नाही. बॅकअपला दहा मिनिटं लागली असती. क्लासमध्ये सगळ्यात आधी तेच शिकवतात. मी फॉरमॅट मारला.

९ फेब्रुवारी, गुरुवार
आज लायसन्स चालू करायचं काम. नेट फक्त साहेबांच्या मशीनला, म्हणून सगळं फोनवरून. मशीन एक लांबलचक नंबर दाखवतं, तो फोनवर दाबायचा, मग रेकॉर्ड केलेली बाई विचारते, ही कॉपी किती कॉम्प्युटरवर टाकली आहे? एक दाबायचं. मग ती उलटा एक नंबर सांगते, तो मशीनमध्ये टाकला की झालं. चौदा वेळा एक दाबलं. बोट दुखलं.

आण्णांची ती बाई गेटबाहेर बसलेली दिसली. भागीरथी, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. डिसेंबरात टाकी साफ करायला तिघे उतरले आणि सडक्या लसणासारख्या वासाच्या गॅसने गेले. कंपनीच्या कागदावर एकच आहे, आपला ऑपरेटर. भागीरथीचा नवरा धोंडी आणि दीर कान्हा आत आलेच नव्हते म्हणे, मागच्या नाल्यात पडून मेले. ते गेटमधून आत गेले एवढाच कागद तिला हवाय. तो कागद मी काल उडवला.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
गेटच्या मशीनचं लायसन्स आपोआप बंद पडलं. जेवणाच्या सुट्टीत परत फोन लावला. बाईने विचारलं किती, मी एक दाबलं. ती म्हणाली, चूक आहे. असं ती कधी म्हणत नाही. परत एक दाबलं. मग तीच बाई, तोच आवाज, पण बोलली भागीरथीसारखं. टाकीत किती मानसं व्हती, म्हणाली.

मी तीन दाबलं. का दाबलं माहीत नाही, बोट गेलं. रिसीव्हरमधून सडक्या लसणासारखा वास आला. मग तिने नंबर सांगितला, नेहमीसारखा, सावकाश. तो टाकला.

माझी स्क्रिप्ट आपली आपण सुरू झाली. चौदाही मशीनवर, जिथे वापरणाऱ्याचं नाव येतं तिथे, धोंडी आणि कान्हा. स्क्रिप्टच्या नोंदीत दोनच ओळी.
धोंडी. आत ९.१०. बाहेर, रिकामं.
कान्हा. आत ९.१०. बाहेर, रिकामं.

१५ फेब्रुवारी, बुधवार
साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. म्हणाले, हा तुझाच चावटपणा, तसं लिहून दे आणि पुसून टाक. मी म्हटलं, फोनवरून होतं ते, तुम्हीच बोला. नंबर लावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. काय होईल ते मला माहीत होतं. नाही, माहीत नव्हतं, पण व्हावं असं वाटत होतं.

त्यांनी एक दाबलं. परत एक. मग नुसते ऐकत राहिले, तोंड पांढरं पडलं. रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि पॉलिश केलेल्या बुटांनी प्लँटकडे चालत गेले. सकाळचे अकरा. भर उजेड. कुणी अडवलं नाही, मीही नाही.

बारा वाजता टाकीत सापडले. झाकण त्यांनीच उघडलेलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
त्या दोन ओळींची प्रिंट काढली, शिक्का मारला, गेटबाहेर जाऊन भागीरथीला दिली. तिला वाचता येत नाही. आण्णांनी वाचून दाखवलं. तिने धोंडीच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

मग विचारलं, मंग ह्या पुसला कोनी व्हता?

साहेबांनी, म्हटलं. त्यांनी एकट्यांनी.

आण्णा माझ्याकडे बघत राहिले.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. घरीच. दुपारी दोन. आई बाजूच्या खोलीत तांदूळ निवडतेय, सुपाचा आवाज येतोय.

फोन वाजला. उचलला. तीच, रेकॉर्डवाली बाई.

मी ठेवला. परत वाजला. वायर काढली — तरी —

आईला ऐकू येत नाहीये. विचारलं तर म्हणाली, कुठे वाजतोय. पण वास आलाय म्हणे, लसूण सडला का बघ म्हणाली —

उचललाय. कानाला धरून लिहितेय, हात सुटत नाही. विचारतेय, नावं पुसणारे किती —

एक दाबलं.

चूक आहे, म्हणाली. रागाने नाही. परत विचारतेय —

एक. चूक आहे.

आण्णा हात जोडून उभे होते. दहाच मिनिटं लागली असती. मी टाइम नाही म्हटलं —

पाय दाराकडे निघालेत. आई, मला धर — तिला ऐकू — चपला घातल्यात मी, कधी —

दाबते. दोन. बरोबर आहे, म्हणाली. आता नंबर सांगतेय, सावकाश. लिहून घे म्हणते —

यशोधरा. आत २.१०. बाहेर