अष्टमीला दाखवलेली खोली

नाय, मला परीक्षा जमली नाय म्हणून डोळे पुसत होते असं काय नाय, बाबा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात धूळच तेवढी असते. आणि पास झालेय मी. तुमी विचारलं नाय, घरात पण कोणी विचारलं नाय, तरी आधीच सांगून टाकते. सरकारनं आता काढलंय, जमिनी-खोल्यांची दलाली करणाऱ्या प्रत्येकानं वर्गात बसायचं, मग परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट दुकानात लावायचं. नाय केलं तर नोंदणी पुढे होत नाय, म्हंजे दुकानाला कुलूप. आणि एकदा बसून सुटका नाय. नियम बदलले की परत बसा, परत शिका. सातवी झालेली बाई मी, पासष्टी ओलांडली, गुडघे वाकत नाय, आणि मला प्लास्टिकच्या खुर्चीत दोन दिवस बसवलं. तुमी असता तर टोपी झटकून तिथून निघाला असता. तुमाला दलाल म्हणायचे, दुकानाला पाटी पण नव्हती. आता एजंट म्हणायचं.

हॉल एका गोडाऊनच्या वर. खाली सळया उतरवत होते, मॅडम बोलायला लागली की खणखण. मॅडम पुण्याची, माझ्या मुलीपेक्षा लहान, पण आवाज चांगला, घाबरत नव्हती. माझ्या बाजूला कामोठ्याचा एक जाडा एजंट. मी जरा डोळे मिटले की कोपर मारायचा, "मावशी, घोरू नका, हजेरी कॅमेऱ्यात लागते." मी म्हटलं, "तू वडा खाल्लास तो पण लागला असेल मग." दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनं पडद्यावर एकच ओळ लावली. गिऱ्हाईकानं विचारलं नसलं तरी जागेतला दोष आपण होऊन सांगायचा. मग म्हणाली, प्रत्येकानं आपल्या धंद्यातलं एक उदाहरण द्या. आणि नेमकं माझ्याकडे बघून, "आजी, तुम्ही सगळ्यात सीनियर. तुमच्यापासून सुरू करू."

मी उठले आणि तुमचं सांगितलं. दुसरं काय होतं माझ्याकडे. सांगितलं की माझे वडील मिठागरात राबलेले, मिठागर बंद पडलं तेव्हा गावच्या जागा दाखवायला लागले. जागा बघायला कोणी कदी पण येऊ दे, वडील त्याला पुनवेनंतरच्या नायतर अमावास्येनंतरच्या बीजेलाच बोलवायचे. दुपारी दीडला, भर उन्हात. कारण बीजेला उधाण असतं, दीडच्या सुमाराला भरती पुरी होते, खाडीचं पाणी जिथवर यायचं तिथवर येतं. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी मेलेलं, खाडीकाठची जागा पण माळासारखी दिसते. मी भांग म्हटल्यावर तो कामोठ्याचा म्हणाला, "वा मावशी, भांग पिऊन जागा दाखवायचे?" सगळे हसले, मी पण हसले. मॅडमला ते फार आवडलं. तिनं फळ्यावर लिहिलं, 'आधी पाणी दाखवा', खाली दोन रेघा मारल्या, टाळ्या वाजवायला लावल्या. मला म्हणाली, "आजी, हेच आम्हाला शिकवायचंय, तुमच्या घरात ते आधीच होतं." मी खाली बसले. खुर्ची कुठे हाय ते हातानं चाचपून बसले.

कारण उरलेलं मी सांगितलं नाय. सिस्टरचं.

तुमाला आठवत असेल ती. घाटावरची, सरकारी दवाखान्यात नर्स, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. एकटी होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोलीत राहिले, आता चार भिंती माझ्या पाहिजेत, म्हणायची. खाडीकडच्या शेवटच्या बिल्डिंगमधली तळमजल्याची खोली मी तिला सांगून ठेवली होती. एक दिवस सकाळी दहालाच ती दुकानात उभी. रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल. "आज सुट्टी मिळालीय, आजच बघते. नायतर उद्यापासून कळंबोलीत बघायला सांगितलंय एकानं." माझ्या डोक्यावर तुमी दिवाळीत दिलेलं कॅलेंडर. तुमी दर वर्षी मला साडी नाय, कॅलेंडर द्यायचा, उधाणाच्या तारखांना लाल पेन्सिलीनं गोल करून. त्या तारखेला गोल नव्हता. अष्टमी होती. बीजेला या, एवढंच म्हणायचं होतं. पण माझा स्वभाव तुमाला ठाऊक. भाताला कढ येईपर्यंत मला दम निघत नाय. म्हटलं, चला.

दुपारी बाराला आमी तिथे उभ्या. खाडी लांब, चिखल सुकलेला, त्यावर बगळे. ती खिडकीत उभी राहून म्हणते, "किती मोकळं आहे हो." मी म्हणते, "वारा पण चांगला येतो." पाण्याचं ती विचारत नाय. घाटावरची बाई, तिला काय ठाऊक समुद्र दिवसातून दोनदा घरी येतो.

संध्याकाळी तुमी मोरीपाशी पाटावर बसून चहा पीत होता. मोतीबिंदूनं तुमाला दिवाळीनंतर कॅलेंडर पण दिसेनासं झालं होतं, तिथी आमालाच विचारायचा. मी सांगितलं, सिस्टरनं खोली पसंत केली. तुमी बशी खाली ठेवली.

"पानी दावलास का गो?"

"दाखवलं."

"तिथ कुठली आज?"

"बीज."

तुमी परत बशी उचलली. म्हणालात, "बरा." एकदा मी गिऱ्हाईकाला विहीर कोरडी पडते ते सांगायला विसरले, तेव्हा तुमी मला भर बाजारात झापलं होतं, "कोरडी जमीन कोन पन दाखवील, तुला कशाला ठेवलाय दुकानात?" चार दिवस बोलला नव्हता माझ्याशी. त्या संध्याकाळी नुसतं बरा. मी खोटं बोलेन हे तुमाला वाटलंच नाय. चैत्रात तुमी गेलात.

आषाढातल्या उधाणाला पाऊस आणि भरती एकत्र आली. पाणी सिस्टरच्या खाटेला लागलं. दोन दिवसांनी ती दुकानात आली. मला वाटलं ओरडेल, पोलीस आणेल. तसं काय केलं नाय तिनं. साडीचा काठ चिखलानं कडक झालेला. म्हणाली, "एकच सांगा ताई, तुम्हाला माहीत होतं का?" आणि मी, मिठागरवाल्याची मुलगी, जिला तुमी बोटं मोजून भरतीची वेळ काढायला शिकवलं, मी तिला म्हटलं, "नाय हो सिस्टर. समुद्राचं कोणाला कळतं." ती मान हलवून गेली. तिला ते पटलं, बाबा. ते जास्त वाईट.

सत्तावीस वर्षं झाली. त्या गल्लीनं मी जात नाय, लांबून वळसा घेते. गुडघे दुखतात तरी घेते.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. सुनेनं उंदीर कसा दाबायचा ते शिकवलं होतं. मधेच तोच प्रश्न आला. दोष माहीत असेल तर काय कराल, चार उत्तरं, एकावर दाबा. मी बरोबर दाबलं. मुलगा सर्टिफिकेट काचेत घालून आला आणि तुमच्या कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवलं. भिंतीत दुसरा खिळा नाय म्हणाला. दुकान वाचलं म्हणून पेढे आणले. मी एक पण घेतला नाय, म्हटलं साखर वाढलीय.

काल बीज होती. मी गेले. कोणाला सांगितलं नाय, रिक्षा पण नाय केली. जाऊन तिला एकच वाक्य बोलायचं, मला माहीत होतं. बाकी तिनं काय करायचं ते करावं. सिस्टरनं दार उघडलं. केस पांढरे, उंबऱ्यावर दोन विटांचा थर लावलेला. ओळखलं तिनं. म्हणाली, "या, या. पाय वर घेऊन बसा, एवढ्यात येईल." मी विचारलं, कोण. "पाणी. आज बीज ना." भिंतीवर कॅलेंडर, तारखांना लाल गोल. तांदळाचा डबा टेबलावर, चपला खिडकीत, गॅसची शेगडी उंच कट्ट्यावर. "पहिली दोन वर्षं चुकत होतं," म्हणाली, "आता बोटांवर येतं. भांग असली की गाद्या वाळवून घेते." भांग म्हणाली ती. घाटावरची बाई. तिला कोणी वर्गात बसवलं नाय.

पाणी विटांच्या फटीतून आलं, आवाज न करता. आमी दोघी खाटेवर पाय घेऊन चहा प्यायलो. खाली चिवड्याचं रिकामं पाकीट तरंगत गेलं. तिनं विचारलं, "काय काम काढलंत इतक्या वर्षांनी?"

माझ्या तोंडात ते वाक्य होतं. तयार होतं. आणि मी म्हटलं, "खोली विकायचा विचार असेल तर सांगा, गिऱ्हाईक आहे."

ती हसली. म्हणाली, "विकीन की. पण घेणाऱ्याला आधी बीजेला घेऊन या. पाणी दाखवल्याशिवाय मी कोणाच्या गळ्यात मारायची नाही."

मी चपला हातात घेऊन त्या पाण्यातून बाहेर आले.

हे कोणाला दाखवायचं नाय. सून विचारत होती, दोन दिवस काय लिहिताय, मी म्हटलं किराणा. पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुमाला सांगायचं ते एवढंच, त्या दिवशी बीज नव्हती. मला माहीत होतं, हे सिस्टरला मी काल पण बोलले नाय. का बोलले नाय ते विचारू नका. मी सांगणार नाय.