आम्ही घरीच आहोत, असं दिसावं म्हणून

ती. वन्संना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत, जिना चढताना अजून कुरकुरतात का, भावोजी गोळ्या वेळेवर घेतात की उशीखाली ठेवतात, हे सगळं विचारायचं आहे आणि मनापासून विचारायचं आहे. पण आधी माझी तक्रार ऐकून घ्या, नाहीतर ती शिळी होईल. आज अकरावा दिवस, मी चहा रुमालातून गाळते आहे. घरात गाळणी नाही असं नाही. गाळणी आहे आणि अत्यंत सुरक्षित जागी आहे. सहलीला निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या बंधूंनी घरातल्या किमती वस्तू लपवल्या, त्या झपाट्यात गाळणीही लपवली गेली. कुठे, ते फक्त त्यांना ठाऊक होतं. आता त्यांनाही नाही. बांगड्या सापडल्या (पिठाच्या डब्यात, अजून हात झटकला की पीठ पडतं), घराचे कागद सापडले (गादीच्या खोळीत, आठ दिवस समुद्रावर झोपून आल्यावर पाठीला काय टोचतंय म्हणून बघितलं तेव्हा), गाळणी मात्र भूमिगत आहे ती आहेच. चहाची तलफ आलेला चोर घरात शिरला असता, तर हात हलवत परत गेला असता.

तर सहल! वन्सं, अकरा वर्षांनी आम्ही आठ दिवस घराबाहेर पडलो! समुद्राबद्दल चार पानं लिहायची असं जातानाच ठरवलं होतं. पण समुद्र होता तसाच आहे. जे काय घडलं ते घरी घडलं, आणि असं घडलं की आठवलं तरी मला अजून बसवत नाही. हे पत्रही अर्धं उभ्यानेच लिहिते आहे.

तुमच्या बंधूंची बत्तीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या घरफोड्यांचे दावे तपासण्यात गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. चोर कुठून शिरतो, आधी काय उचलतो, कोणती कडी कशी वाकवतो हे चोरांनी त्यांच्याकडून शिकावं. (खिडकीच्या कडीवरची धूळ जागची हलली नव्हती म्हणून त्यांनी एकाचा दावा फेटाळला होता. ती गोष्ट लग्नातल्या भांड्यांइतकी जुनी आहे, आणि भांड्यांसारखीच तीही दरवेळी घासून नवी करतात.) निघायच्या पंधरा दिवस आधी इमारतीच्या सभेत ते उठले आणि त्यांनी पाऊण तास भाषण दिलं. परका चोर कडी तोडतो, ओळखीचा चोर किल्लीने दार उघडतो; म्हणून किल्ली कुणालाही देऊ नका, शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही! (हे शेवटचं मी मुद्दाम कळवते आहे.) टाळ्या पडल्या. आमच्या शेजारच्या गणिताच्या बाई, निवृत्त झाल्या तरी हातातली लाकडी पट्टी ज्यांची सुटलेली नाही, त्यांनी ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग तयारी. घर रिकामं आहे हे कुणाला कळता कामा नये, म्हणून पेपर बंद करायचा नाही, दूध बंद करायचं नाही. दिवा आपोआप लागेल आणि विझेल असं यंत्र बसवलं. दाराबाहेर जुन्या बाजारातून आणलेले अकरा नंबरचे बूट ठेवले. तुमच्या बंधूंचा पाय सहा नंबरचा. चोराला वाटावं, आत कुणी पहिलवान आहे. (पेपरवाल्याने विचारलं, कोण पाहुणे आलेत? हे म्हणाले, माझे मामा. वन्सं, तुम्हाला एक पहिलवान मामा झाला, अभिनंदन.) फोन दोन्ही बंद, कारण फोनवरून माणूस कुठे आहे ते कळतं. एवढं झालं आणि मी विचारलं, माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालणार? तर म्हणाले, “आठ दिवसांत झाड मरत नाही. मरायचं असेल तर ते आधीच मरणार असतं.” नामंजूर केलेल्या दाव्यांवर ते असंच काहीतरी लिहीत असतील.

म्हणून मी माझी किल्ली गुपचूप बाईंना दिली. कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नका, असं बजावून.

आता ऐका. आठव्या दिवशी दुपारी चारला आम्ही बॅगा घेऊन फाटकातून आत आलो, तर जिन्यावर वीस माणसं! आमचं दार सताड उघडं. दिवाणखान्यात बाई खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर पट्टी, आणि समोर आमच्या न्हाणीघराचं दार बाहेरून कडी घालून बंद. “चोर धरलाय!” म्हणाल्या. “अकरापासून आत आहे. मी जेवायलासुद्धा उठले नाही. पोलिसांना तुम्ही आल्यावरच बोलवू म्हटलं.” मला, खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा आनंदच झाला. बत्तीस वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं तो इसम एकदाचा दिसणार! कडी काढली, आणि आतून बाहेर आले आपले टेलरमास्तर. खाली फाटकाजवळ ज्यांचं दुकान आहे, ज्यांनी माझे वीस वर्षं ब्लाउज शिवले, तेच. बाह्या कोपरापर्यंत वर, हातात तुमच्या बंधूंचा निळा शर्ट, ओला, पिळलेला.

झालं होतं ते असं (मास्तरांनी किल्लीबरोबर तुमच्या बंधूंच्या अक्षरातला घडी केलेला कागदही परत दिला, तो मी नंतर वाचला). किल्ली कुणालाही देऊ नका म्हणणाऱ्या तुमच्या बंधूंनी दुसऱ्याच दिवशी मास्तरांना किल्ली दिली होती. कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नका, असं बजावून. रोज सकाळी अकराला वर जायचं, शर्ट भिजवून पिळून गॅलरीत वाळत घालायचा, आदल्या दिवशीचा काढायचा. सोमवारी निळा, मंगळवारी चौकडीचा, असं पुढे सगळं. आणि जाताना खिडकीपाशी दोनदा खोकायचं, “माझ्यासारखं”. मास्तरांनी सात दिवस इमानाने शर्ट भिजवले. कुंड्यांची माती ओली दिसायची, त्यांना वाटलं साहेबांनी त्याचंही यंत्र बसवलंय. बाई सकाळी आठला येऊन पाणी घालून जायच्या. शर्ट रोज बदलतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि तारीखवार टिपलंही होतं. आठव्या दिवशी त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे उशीर झाला, त्या अकराला आल्या. दार नुसतं लोटलेलं. आत पाण्याचा आवाज. आणि मग न्हाणीघरातून हुबेहूब ह्यांचा खोकला! (मास्तर सराव करत होते.) मालक समुद्रावर आणि खोकला घरात! बाईंनी एक क्षण दवडला नाही. कडी घातली.

इथपर्यंत मी हे फोनवर माहेरी सांगितलं, तर सगळे पोट धरून हसले. तुम्हीही हसलात ना? आता पुढचं.

बाईंनी सगळ्यांसमोर मास्तरांना विचारलं, किल्ली आली कुठून? मास्तर ह्यांच्याकडे बघून म्हणाले, “साहेब सांगतील.” बस्स, एवढंच. पाच तास दाराआडूनही त्यांनी तेवढंच सांगितलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून. वीस माणसं तुमच्या बंधूंकडे बघायला लागली. त्यातल्या प्रत्येकाने भाषणाला टाळ्या वाजवलेल्या. आणि तुमचे बंधू काय म्हणाले असतील? “चौकशी करावी लागेल.” मग घसा साफ करून, “पण माझी काही तक्रार नाही. जाऊ द्या त्यांना.” म्हणजे माफी! त्या माणसाला, ज्याने ह्यांचे शर्ट धुतले! किल्ली ह्यांनी परत घेऊन ड्रॉवरमध्ये टाकली. तिला चिकटपट्टी आहे, तिच्यावर “३ पैकी २”. पहिली ह्यांच्याकडे. (तिसरी कुणाकडे ते मी विचारत नाही, तुम्हीच लाजून सांगाल. माझी तर त्यांनी मोजणीतच धरलेली नाही.)

तेव्हापासून मास्तरांचं मशीन दिवसाचा अर्धा वेळ गप्प असतं. पहिल्या मजल्यावरच्यांनी दोन पँटी न शिवताच परत नेल्या. एकीने मापाचा ब्लाउज मागून घेतला. त्यांना तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण येता-जाता जो तो आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतो. मास्तर मान खाली घालून काजं करतात. मी जाताना वर बघतात, मी घाईत असल्यासारखी पुढे जाते. रात्री ह्यांना दोनदा म्हटलं. म्हणाले, “आता सांगितलं तर सभेत माझं काय राहील?” मी विचारलं, “आणि मास्तरांचं काय राहिलंय?” तर त्यांनी गाळणी शोधायला घेतली.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुमची भावजय

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठीच लिहिलं. ते तुमचं ऐकतात. लहानपणी तुम्ही कान पिरगाळायचात, तो अजून त्यांच्या लक्षात आहे (डावा, विषय निघाला की हात तिकडे जातो). त्यांना खरमरीत पत्र लिहा. येत्या सभेत उभं राहून, किल्ली मीच दिली होती, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायचं. मी सांगितलं हे मात्र लिहू नका.

ता. क. २. वरचं पुन्हा वाचलं. दुपारभर काही सुचलं नाही. बाईंनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही की त्यांच्याकडेही किल्ली होती. “दार लोटलेलं होतं, म्हणून आत गेले,” एवढंच म्हणतात. गणिताच्या बाई माझ्यासाठी उत्तर दाबून बसल्यात. मी त्या दिवशी तिथेच उभी होते, वन्सं. मीही तोंड उघडलं नाही. ह्यांना एक वाक्य जड जातंय म्हणून तुम्हाला तीन पानं लिहिली; माझं वाक्य कुणाकडून वदवून घेणार होते?

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहिते. ह्यांना काही लिहू नका. संध्याकाळी सहाला, सगळे कामावरून परतायच्या वेळी, ड्रॉवरमधली किल्ली घेऊन खाली गेले आणि दुकानाच्या दारात उभी राहून म्हटलं, “मास्तर, ही तुमची किल्ली. ह्यांनीच तुम्हाला दिली होती. आणि माझी मी बाईंना दिली होती.” आवाज वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. पहिल्या मजल्यावरचे जिन्यात थबकले. बाई गॅलरीतून ओरडल्या, “मग अकरा दिवस काय करत होतात दोघं?” तुमचे बंधू खिडकीत होते, ते आत गेले.

मास्तरांनी किल्ली घेतली नाही. “नको ताई, किल्ल्या पुरे झाल्या,” म्हणाले आणि पुन्हा काजात सुई घातली. मी विचारलं, या शर्टांना बटणं लावायचीत का? त्यांनी बटणांची डबी पुढे सरकवली. मी स्टूल ओढून दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी बसले आणि बटणं लावली. पाच तास त्यांचे आमच्याकडे गेले होते. आज एक झाला.