चौथ्या गावी झालेले ताईचे निधन

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तुझा रक्तदाब, भाऊजींचा गुडघा आणि महिला मंडळाची नवी कार्यकारिणी हे तिन्ही ताब्यात असतील, अशी आशा करतो. आमची प्रकृती, व्हॅन वगळता, बरी आहे. व्हॅन गॅरेजमध्ये आहे, मी गॅरेजच्या बाकावर आहे आणि हे पत्र गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या हाती पाठवत आहे. तो आज बसने पुढे येत आहे. फोन का केला नाही, असे तू विचारशील. (फोनवर तुझे बोलणे संपते तेव्हा, माझे सुरू होण्याआधी, फोनही संपलेला असतो. हा आरोप नव्हे, निरीक्षण आहे.) पत्राला मध्येच तोडता येत नाही, या सोयीचा फायदा मी आज घेणार आहे. तरी शेवटपर्यंत वाच, आणि कृपया बसून वाच.

मिशनच्या युवक पथकाबरोबर एक जबाबदार प्रौढ माणूस हवा आहे आणि माझी रजा शिल्लक आहे, या दोन स्वतंत्र बाबींची सांगड तू घातलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करण्याइतकी ताकद उरलेली नाही. पथकातील मुले सोळा ते वीस वयाची आहेत आणि ती थकत नाहीत. सकाळी डोळे उघडण्याआधी गातात, व्हॅनमध्ये गातात, व्हॅन ढकलतानाही गातात. खंजिरी वाजवणारी मुलगी माझ्या डाव्या कानाशी बसते. त्या कानाने मला आता फक्त खंजिरीच ऐकू येते, ती वाजत नसतानाही. झोपायला चर्चचे सभागृह मिळते, आणि प्रत्येक गावी त्या सभागृहाची किल्ली अशा गृहस्थांकडे असते जे नुकतेच कुठेतरी बाहेर पडलेले असतात. मग मी ध्वनिक्षेपकाच्या खोक्यावर बसून त्यांची वाट पाहतो. (खोके उचलण्याचे काम जबाबदार प्रौढाकडे येते, ही अट मला आधी कळवण्यात आली नव्हती.)

परंतु मूळ विषय आपल्या चिमणीचा आहे. तू तिला पथकात का पाठवलेस, हे सर्वांना ठाऊक आहे. लग्नानंतर इतकी वर्षे वाट पाहून, चाळिशीत तुला ही मुलगी झाली; आणि ती होण्याआधीच तू प्रार्थनेत देवाला शब्द दिलास की मूल झाले तर ते तुझ्या सेवेला देईन. येत्या रविवारी आपल्या चर्चमध्ये देवाने आपल्याला कसे बदलले याची ती साक्ष देणार, त्याच्या सेवेचे बोलावणे आले आहे असे म्हणून आपले पाचारण जाहीर करणार आणि बारावी अर्धवट ठेवून वर्षभर मिशनच्या कामाला जाणार, हे तू पाळकसाहेबांना कळवूनही बसली आहेस. त्या साक्षीची तयारी व्हावी म्हणून गावोगावी तिला बोलायला उभे करण्यात आले. इथून पुढे परिस्थिती बिघडत गेली.

पहिल्या गावी तिने खरे सांगितले. म्हणाली, मी आईला उलट उत्तर द्यायचे, आता देत नाही. एवढेच. पुढच्या बाकावरच्या एक आजीबाई मान टाकून घोरू लागल्या आणि त्यांना उठवावे की नाही, यावर दोन शेजारणींत कुजबुज झाली. पथकाचा प्रमुख, ज्याला सगळे लीडरदादा म्हणतात, भला मुलगा आहे. त्याने तिला बाजूला घेऊन समजावले की साक्षीत आधीचा अंधार नीट दिसला पाहिजे, तरच नंतरचा उजेड दिसतो. तेव्हा पुढच्या वेळी थोडे खोल जा. आता तूच सांग, जिच्या दप्तराची झडती तू रोज घेत आलीस, तिच्याकडे अंधार येणार कुठून? आमचा ड्रायव्हर दहा वर्षे पिऊन मग सुधारलेला. त्याने साक्ष दिली की लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. ही पोर त्याच्याकडे असे पाहत असे, जसे आपण दुसऱ्याच्या भरल्या ताटाकडे पाहतो.

दुसऱ्या गावी तिने परीक्षेत कॉपी केल्याची कबुली दिली. (विषय गणित. त्यात ती नापास झाली होती. कॉपी करणारा इतका प्रामाणिकपणे नापास होत नाही.) आजीबाई असतात तशा तिथेही होत्या, पण जाग्या राहिल्या. तिसऱ्या गावी ती घरातून पळून गेली होती आणि स्टेशनच्या फलाटावर झोपली होती. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आयुष्य काढले आहे, ताई. आग लागलेल्या दुकानाचा मालक प्रत्येक भेटीत जळालेल्या मालात एकेक कपाट वाढवत जातो, हे मी पाहिलेले आहे. तरी मी गप्प बसलो, कारण पळून जाण्यापलीकडे तिच्याजवळ कपाट उरले असेल, असे मला वाटले नाही.

चौथ्या गावी तू प्रभूमध्ये निजलीस.

आजार छातीचा होता. फार त्रास झाला नाही. शेवटच्या क्षणी तू तिला जवळ बोलावलेस आणि म्हणालीस, "रडत बसू नकोस, गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल." ताई, मी तुला आदल्याच दिवशी फोनवर ऐकले होते. तू जिवंत आहेस, याचा माझ्याकडे पुरावा होता. तरीही त्या दुधाच्या वाक्याला मला रुमाल शोधावा लागला. सभागृहात सगळेच रडत होते. लीडरदादा तर नाक पुसत म्हणाला, "मामा, ही गोष्ट तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भरत असताना तिथलीच एक मुलगी, चिमणीच्याच वयाची, तिला शोधत आली. तिची आई गेल्या वर्षी खरोखर गेली होती. तिने चिमणीचा हात धरला आणि तशीच उभी राहिली. मी खोके उचलण्याच्या नावाखाली जवळच होतो. आपली पोर पांढरीफटक पडली. म्हणाली, "माझी आई आहे. मी खोटं बोलले." मला वाटले, ती मुलगी आता थोबाडीत देईल. तिने विचारले, "आहे? मग फोन कर ना तिला." आणि निघून गेली.

त्यानंतर चिमणी गाणी गात नाही. लीडरदादाला तिने सगळे सांगितले. तोही बिचारा हादरला आणि झाले ते झाले, आता विषय नको, म्हणाला. ती ऐकायला तयार नाही. ज्यांच्यासमोर खोटे बोलले, त्यांच्यासमोरच खरे बोलेन, म्हणते. हा हट्टीपणा कोणाकडून आला, यावर मी मत देणार नाही.

तरी काळजी नसावी. व्हॅन परवापर्यंत दुरुस्त होईल, असे मिस्त्री म्हणतो. (कालही तो परवाच म्हणत होता.) भाऊजींना सलाम. माझ्यासाठी कापसाची गादी उन्हात घालून ठेवावी.

तुझा थकलेला भाऊ

ता. क. चौथ्या गावच्या महिला मंडळाच्या भगिनी रविवारी आपल्या उपासनेला मुद्दाम येत आहेत. भाऊजींचे सांत्वन करण्याचा त्यांचा विचार आहे आणि त्यासाठी एका गीताचा सराव चालू आहे, असे कळते. त्या आधी घरी येतील. दार शक्यतो तू उघडू नयेस.

ता. क. २. गेल्या गुरुवारी सकाळी चिमणीचा तुला फोन आला होता, आठवते? ती मुलगी निघून गेल्यानंतर लगेच केलेला. ती फक्त "आई" म्हणाली. तू विचारलेस, साक्ष पाठ झाली का, आणि पांढरा ड्रेस इस्त्रीला दिला आहे, हे सांगून फोन ठेवून दिलास. ती बराच वेळ फोन कानाला लावून उभी होती.

ता. क. ३. खरे तर पत्र लिहिले ते एवढ्यासाठीच. आज या बाकावर मी तिला विचारले, की बाई, आईला मारायची काय गरज होती? म्हणाली, "मामा, आधी नुसतं आजारी पाडलं होतं. पण पुढे बोलताच येईना, प्रत्येक वाक्यात आई मध्ये येते. आई गेल्यावर मात्र भराभरा सुचत गेलं." मग म्हणाली, "पाचारण पाचारण सगळे म्हणतात. मला अजून काही ऐकू आलेलं नाही. आलं तर मी लपवणार आहे का?" तू देवाला दिलेला शब्द मी हलका समजत नाही. पण व्यवसायाने मला एवढे कळते की करार झाला त्या दिवशी जी व्यक्ती जन्मालाच आली नव्हती, तिची त्यावर सही नसते. आणि समोरचा पक्ष, माझ्या माहितीप्रमाणे, अशा बाबतीत घाई करणारा नाही.

तेव्हा विनंती अशी. रविवारी ती बोलायला उभी राहील, तेव्हा नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत तिची वाक्ये पुरी करू नकोस. हो म्हणेल, नाही म्हणेल, किंवा अजून माहीत नाही म्हणेल. जे म्हणेल ते संपेपर्यंत, ताई, तेवढा वेळ तू निजलेलीच राहा. संपल्यावर तीच येऊन तुला उठवील.