घरचं माणूस

१५ सप्टेंबर, सोमवार
झाले बाई एकदाची रुजू! अंबरनाथला मोरिवलीच्या मागं वेड्यांचं इस्पितळ होतं, ते कधीच बंद पडलं. त्या जागेची राखण करायची. खोली ऐसपैस, नळाला पाणी, आणि कटकट करायला सासूबाई नाहीत. त्या माझ्या चिमीला घेऊन बेलवलीच्या घरी. सात वर्षांची पोर, रडली थोडी. दिवाळीत तिला इकडंच आणीन. मागं रान माजलंय, त्यात गुडघाभर उंचीचे दगड. प्रत्येकावर नुसता आकडा.

१७ सप्टेंबर
इथले जुने शिपाई धोंडिबा चहाला आले. त्या दगडांखाली बायकांच्या वॉर्डातल्या बाया पुरल्यात म्हणाले. नाव नाही, गाव नाही. बऱ्याच जणी बऱ्यासुद्धा झाल्या होत्या, पण घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सोडायचं नाही असा नियम. आणि घरचं कुणी आलंच नाही. बोचकं बांधून फाटकाशी बसून राहायच्या.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
सासऱ्यांचं पान वाढलं, मग राहवेना. खीर-वड्यांचं दुसरं पान त्या दगडांपाशी ठेवलं. कावळा काही शिवेना. तासभर उभी. अशा वेळी मेलेल्याला शब्द द्यावा लागतो, तो दिला. म्हटलं, "बायांनो, मी तुमच्या घरची. जेवा."
लगेच शिवला. मागोमाग झाडभर कावळे उतरले. केवढं बरं वाटलं!

२२ सप्टेंबर
धोंडिबांना सांगितलं. चहा तसाच ठेवून उठले. म्हणाले, "घरची म्हणालीस? मग आता न्यावं लागेल."
दुपारी फाटकाशी सात बोचकी. ओली माती लागलेली.

२३ सप्टेंबर
आता बोचक्यांपाशी बाया बसल्यात. भर उन्हात, माझ्याकडं पाठ करून. मी निघाले की उठतात, मागं येतात. स्टेशनपर्यंत गेले, तशीच परत फिरले. यांना घेऊन चिमीकडं कशी जाऊ? सासूबाईंना फोन केला, येऊ नका म्हटलं. ऐकतील तर शपथ.

२४ सप्टेंबर
हात जोडले. म्हटलं, "परवा खोटं बोलले, मी तुमची कुणी नाही." एकीनंही मान वळवली नाही. वाट बघायची सवय आहे त्यांना —

२५ सप्टेंबर
दार उघडत नाही. बाहेरून बोचकी रचलीत. फोन बंद. आणि फाटकाशी सासूबाई — चिमीला घेऊन! ओरडतेय, पण आवाजच फुटत नाही. हे पान फाडून खिडकीतून टाकते —
सासूबाई, मागं फिरा. चिमीला कुणाशी बोलू देऊ नका. ती घरची आहे, तिनं हो म्हटलं तर —
चिमी ओरडून विचारतेय, "आई, या आज्ज्या आपलं घर कुठंय विचारतायत. सांगू?"
नको चिमे — नको —
सांगतेय. बेलवली. शाळेच्या मागं, दुसरी ग